बुजगावण्याचं माप

माणसाच्या आयुष्यात एक तरी हंगाम असा येतो, जो त्याला त्याची खरी वाट दाखवून जातो. माझ्या आयुष्यात तो आला तेव्हा मी धानपट्ट्यातल्या आमच्या गोरेगावात, बहिणीच्या शिलाईच्या दुकानात स्टुलावर बसून एका बुजगावण्याच्या शर्टाला बटणं लावत होतो. वाट काही दिसली नाही. सुई मात्र दोनदा बोटात गेली.

यंदा पुन्हा ते दिवस आले आहेत. गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लवकर येणारा हलका धान पिवळा पडलाय, उशिराचा भारी धान अजून हिरवा आहे, आणि शेताच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तुरी फुलायच्या बेतात आहेत. सकाळी धुकं असतं. ऊन वर आलं की चिखलाचा, पेंढ्याचा आणि दाण्यात भरत आलेल्या दुधाचा मिळून एक वास सुटतो. तो नाकातून थेट पायांत उतरतो. या दिवसांत मला बसवत नाही. खुर्चीवर बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं ते सुचत नाही. मग मी मोटारसायकल काढतो आणि कोहमाऱ्यापर्यंत जाऊन परत येतो. घरचे विचारत नाहीत. त्यांनी हे आधी बाबूजींचं बघितलेलं आहे.

बाबूजी, म्हणजे माझे वडील, या पंधरवड्यात दिवसातून तीनदा शेतावर जायचे. रोवणी झालेली, निंदण झालेलं, पाणी देऊन झालेलं. कापायला अजून वेळ. करण्यासारखं काहीच नसायचं. काय करून आलात विचारलं तर म्हणायचे, "पाहून आलो." पाहायला काय होतं? कालचाच धान, आज एक दिवस जास्त पिवळा. पण आभाळात एखादा काळा ढग दिसला की ते जेवता जेवता उठायचे. जणू ढगानं यांना धुऱ्यावर उभं बघितलं की तो वाट बदलणार होता.

त्या वर्षी माझंही तसंच चाललं होतं, फक्त माझ्याकडे धान नव्हता. वय एकतीस. मराठीत एम.ए. ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर शिक्षक, नाही झाला तर घरी. पुण्यात एका मित्रानं माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. जाहिरातींचा मजकूर लिहायचा. तो एक दिवसाआड फोन करून म्हणायचा, लवकर कळव. मी कळवतो म्हणायचो, आणि अंगणात जाऊन आभाळ पाहून यायचो.

अशात आमच्याकडे ध्येय आलं.

ते पांढऱ्या गाडीतून नागपूरहून आलं. कोहमाऱ्याच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात एक दिवसाची कार्यशाळा होती. छोट्या व्यावसायिकांनी कमी खर्चात जाहिरात कशी करावी हा विषय सकाळी, आणि जीवनाचं ध्येय कसं ठरवावं हा जेवणानंतर. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, कारण गावात कोणालाही मोठं म्हणायचं असलं की मराठीच्या माणसाला बोलावतात. मी वक्त्यांना दीपस्तंभ म्हणालो. त्यांच्या मागे आदल्या रात्रीच्या कार्यक्रमाची थर्माकोलची अक्षरं काढायची राहून गेली होती, त्यामुळे दीपस्तंभ दिवसभर 'पहिला वाढदिवस' या शब्दांखाली उभे होते.

वक्ते वाईट नव्हते. जाहिरातीला पैसा लागत नाही, डोकं लागतं, असं ते म्हणाले. लोकांची नजर जिथे आधीच जाते तिथे आपलं नाव नेऊन ठेवा, हे त्यांचं वाक्य तर मला आजही बरोबर वाटतं. दुपारी त्यांनी प्रत्येकाला एक जाड पिवळा कागद दिला आणि त्यावर आपलं ध्येय लिहायला सांगितलं. हे कागद ते जपून ठेवणार होते आणि वर्षानं ज्याचे त्याला टपालानं पाठवणार होते. मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं, 'समाजाला योग्य दिशा देणे.' का लिहिलं ते विचारू नका. सूत्रसंचालन केलेल्या माणसाला दोन-तीन तास तसंच सुचत राहतं.

वक्त्यांनी काही कागद वाचून दाखवले. माझ्या कागदाला टाळ्या पडल्या. त्यानंतर त्यांनी एक कागद उचलला आणि वाचला. 'माझी मशीन सपरीत परत नाही गेली पाहिजे.' लोक हसले. वक्तेही प्रेमानं हसले आणि म्हणाले, "ताई, स्वप्न मोठं पाहायचं." मी माईकजवळ उभा होतो. अक्षर ओळखीचं होतं. ते माझ्या मोठ्या बहिणीचं, देवकीचं होतं. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई तिसऱ्या रांगेत बसली होती आणि हसत नव्हती.

सपरी म्हणजे घराची पुढची पडवी. लग्नानंतर नऊ वर्षं बाईची शिलाई मशीन तिच्या सासरच्या सपरीत होती. सपरीत बसलेली बाई कामावर नसते, ती नुसती बसलेली असते. शिवण अर्ध्यावर असताना पाहुणा येतो, त्याला पाणी द्यायचं. कोंबडी धानाच्या पोत्यावर चढते, तिला हाकलायचं. गॅसवरचं दूध तिनंच पाहायचं, कारण ती तर तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांची मेन रोडलगतची, बँकेच्या मागची एक खोली रिकामी झाली आणि बाईनं मशीन तिकडे नेली. दारावर 'देवकी टेलर्स' अशी पाटी लावली. त्या खोलीत ती पहिल्यांदा एक बाही न उठता शिवून पूर्ण करू शकली, असं तिनं मला सांगितलं होतं. मला तेव्हा त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं.

आता तिच्या दिराला, नरेशला, त्या खोलीत मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. त्याचंही चुकत नव्हतं. रेडिमेडची तीन दुकानं झाल्यापासून बाईकडे फॉल-बिडिंगशिवाय फारसं काम येत नव्हतं, आणि फॉल सपरीतही लावता येतो. सासरे न्यायी माणूस. त्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत पाहू. दिवाळीचं काम आलं तर खोली देवकीची, नाही तर नरेशची.

कार्यशाळेहून परत येताना बाई माझ्या मागे मोटारसायकलवर बसली होती. मी काहीतरी समजूत घालत होतो. ती ऐकत नव्हती. आमच्या शेताच्या वळणावर ती एकदम म्हणाली, "बाबू, या रस्त्यावर नजर कोठी जाते रे लोकायची?"

मी म्हणालो, रस्त्यावर.

"बुजगावण्यावर जाते," ती म्हणाली. "इतका पिवळा पिवळा धान, मंधात एक माणूस हात पसरून उभा. कोणीबी एकदा पायतेच."

तिच्या दुकानात आकाशी कापडाचा एक अख्खा तागा पडून होता. एका शाळेचा गणवेश शिवायला आणलेला, आणि शाळेनं मध्येच रंग बदललेला. बाईनं ठरवलं, रस्त्याकडेच्या चौदा बुजगावण्यांना आकाशी शर्ट घालायचे, पाठीवर लाल रंगानं दुकानाचं नाव आणि 'बँकेच्या मागे' एवढं लिहायचं. शेतकरी तयार होते. बुजगावण्याला फुकटचं कापड कोण नाही म्हणेल? बाबूजी तेवढे कुरकुरले. "पाखरं भ्याले पाहिजे. त्याचं लगीन नाही लावाचं आपल्याले."

मी म्हणालो, बाई, बुजगावण्याला काय, गोणीला तीन भोकं पाडली तरी चालतं. ती म्हणाली, "माझं नाव राहीन त्याच्या पाठीवर. झोल नाही चालाचा." शर्ट म्हणजे माप हवं. आणि इथे सगळं अडलं.

बुजगावण्यासाठी माप देऊ नये असा आमच्याकडे काही नियम नाही. मी विचारून पाहिलं आहे, कोणी सांगत नाही. पण त्या दिवशी तो नियम असल्यासारखं सगळे वागले. बाईनं बाबूजींना जरा उभे राहा म्हटलं. कायले, त्यांनी विचारलं. कायले ते कळल्यावर त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि ते धान पाहायला गेले. भाऊजी, म्हणजे बाईचा नवरा, राइस मिलमध्ये कामाला. त्यांना त्या दिवशी सुट्टी होती, तरी ते मिलमध्ये गेले. मग टेप माझ्याकडे आली. मी म्हणालो की माझे खांदे एकसारखे नाहीत.

"तू तं शिकलेला हायेस ना रे?" बाईनं विचारलं.

मी म्हणालो, शिकलेला आहे म्हणूनच. या उत्तराला काही अर्थ नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. आदल्याच आठवड्यात मी वर्गात अंधश्रद्धेवर पाऊण तास बोललो होतो.

बाई उठली. आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःच्या छातीभोवती टेप गुंडाळली. मग खांदा, बाहीची लांबी, मनगट, गळा. आकडे सांगत गेली आणि मी ते वहीत लिहिले. वहीत वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायची जागा असते. ती कोरी सोडली.

चौदा शर्ट चार दिवसांत झाले. मी बटणं लावली. त्या चार दिवसांत पुण्याहून सोमवारपर्यंत कळव असा शेवटचा फोन आला होता. मला आठवतं ते एवढंच, की कापलेल्या कापडाची बारीक आकाशी धूळ माझ्या पँटवर बसलेली होती, बाहेर ट्रक चालले होते, आणि माझा पाय आपोआप हलत होता, मशीनवर पाय बाईचा असूनसुद्धा. प्रत्येक बटणानंतर मी ठरवायचो की आता फोन करायचा. हो म्हणायला की नाही म्हणायला, ते मात्र ठरत नव्हतं. सोमवार संध्याकाळी संपला तेव्हा बाराव्या शर्टाची कॉलर बसत नव्हती. लोक आता म्हणतात, मी गावात राहण्याचा निर्णय घेतला. त्याला निर्णय म्हणत असतील तर बरं आहे.

शर्ट चढवले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. नाव पाठीवर असल्यामुळे बुजगावण्यांची पाठ रस्त्याकडे करावी लागली. त्यामुळे कोहमाऱ्याच्या रस्त्यावर चौदा आकाशी माणसं आपल्याकडे पाठ फिरवून, हात पसरून, जंगलाकडे बघत उभी होती. नीट बेतलेली, खांद्यात कुठे चुणी नाही. दुरून ती माणसंच वाटत, आणि काहीतरी मागत आहेत असंही वाटे. मी रोज जाऊन मोजून यायचो. पाखरं त्यांच्या खांद्यावर बसायला लागली होती.

नजर गेली, यात शंका नाही. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. एसटीचा कंडक्टर म्हणे वळणावर विचारायचा, टेलरकडे उतरणारं कोणी आहे का. बाजारात सगळ्यांना माहीत झालं. फक्त दुकानात कोणी आलं नाही. उलट एक बाई शिवायला टाकलेलं ब्लाउजपीस परत घेऊन गेली. बुजगावण्याला शिवणाऱ्या हातचं नको म्हणाली, हळू आवाजात, वाईट वाटू नये म्हणून. नरेश रोज संध्याकाळी येऊन उंबऱ्यावर उभा राहायचा. "भाभी, गिऱ्हाईक तं चांगले पकडले. भांडत नाही, उधार नाही, कही फिटिंगची तक्रार नाही." बाई त्याला चहा द्यायची. मला ते टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. इतर शिंप्यांकडे ब्लाउज घेणं बंद झालं होतं. बाईच्या मशीनवर कव्हर होतं.

मग ढग आले. दोन दिवस आभाळ असं काही दाटून राहिलं की सगळ्यांनी हलका धान घाईनं कापायला काढला. बाबूजींना इतके दिवस जे करायला नव्हतं ते एकदम सगळं करायला आलं, आणि ते शांत झाले. कापणीच्या बायांच्या टोळ्या पहाटेच शेतात उतरल्या. या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात. धानाची पाती हाताला कापते आणि तिची कुसळाची बारीक धूस अंगाला चावते, म्हणून. शर्ट ढगळ असतात, बाह्या चार वेळा दुमडलेल्या, खांदे कोपरापर्यंत उतरलेले. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो, म्हणजे कधीच पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी रस्त्यानं गेलो तर बुजगावणी उघडी. नुसत्या बांबूच्या काठ्या, आडवी एक आणि उभी एक. काही उपटून धुऱ्यावर टाकलेली. चौदापैकी एकाच्याही अंगावर शर्ट नव्हता. कापणी त्या कोपऱ्यापर्यंत पोचली की बुजगावण्याचं काम संपतं आणि त्याच्या अंगावरचं कोणाचंच राहत नाही, लागेल त्यानं न्यावं, ही इथली रीत. ती मला माहीत होती, बाईला माहीत होती, बाबूजींना तर नक्कीच माहीत होती. पण जाहिरातीचा विचार करताना तिघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं की धान कापायचा असतो.

मी दुकानात सांगायला गेलो. तिथे नरेश आधीच आला होता. काचेचं काउंटर कुठपर्यंत येईल ते पाहण्यासाठी तो भिंत मोजत होता. बाईच्याच टेपनं. बाई मशीनचा पट्टा काढत होती. मशीन हलवायची असली की पट्टा आधी काढतात. मी शर्टांचं सांगितलं. तिनं मान हलवली, जसं कोणी आज बाजार आहे म्हणून सांगावं.

बाजार खरंच होता. पाऊण तासानं दारात आवाज झाला. गिरजाबाई होत्या, आमच्याच शेतात कापणी करणाऱ्या टोळीच्या म्होरक्या, आणि त्यांच्यामागे सहा-सात जणी. सगळ्यांच्या अंगात आकाशी शर्ट. सगळ्यांच्या पाठीवर लाल अक्षरांत दुकानाचा पत्ता. त्या बँकेपर्यंत विचारत आल्या, मग पुढे एकीची पाठ वाचून दुसरीनं रस्ता सांगितला. मला वाटलं, भांडायला आल्या.

गिरजाबाईंनी दोन्ही हात वर केले आणि खाली वाकून दाखवलं, हातात विळा असल्यासारखं. शर्ट कमरेतून वर आला नाही. खांदा ओढला नाही.

"पंचवीस वर्षं झाले कापून राहिली," त्या म्हणाल्या. "घरच्याच्या शर्टात माझ्यासारख्या दोघी बसतीन. हा पहिला, जो माझ्या अंगाचा हाय. काऊन?"

बाईनं खरं ते सांगितलं. कोणी माप दिलं नाही, म्हणून स्वतःचं घेतलं.

गिरजाबाई म्हणाल्या, "तं बुजगावण्याचा शिवला ना, आता आमचा शिव. शेवंता आडवी हाय, तिले हा दाटते. मी उंच हाव. अन् खिसा आतून ठेव, मोबाईल पडते वाकलं का."

खोलीत एक पुरुष जास्त आहे हे मग सगळ्यांच्या लक्षात आलं. खरं तर दोन, पण मी भाऊ असल्यामुळे पाठ फिरवून उभा राहिलो तरी चाललं. नरेशला एकीनं सांगितलं, "बाहेर हो बाप्पा, माप द्याचं हाय." तो निघाला. टेप त्याच्या हातातच होती.

बाई मशीनला पट्टा चढवत होती. तिनं वर न बघता हात पुढे केला. "टेप," ती म्हणाली.

त्यानं दिली.

बुजगावण्याच्या अंगावरचं यांना कसं चाललं, हे मी नंतर गिरजाबाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे, शिकलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं आणि म्हणाल्या, नवा होता ना. म्हणजे भीती मापाची होती, कापडाची नव्हती. आणि बायांना कोणी माप मागितलंच नव्हतं, त्यामुळे ते नाकारण्याचा प्रश्नही आला नव्हता.

त्या दिवाळीत बाईनं एकही ब्लाउज शिवला नाही. बायांचे कापणीचे शर्ट शिवले. दिवाळीचा दिवस सोडला तर भारी धान संपेपर्यंत मशीन थांबली नाही. आता रोवणीच्या आधी वेगळे शिवते, आखूड बाहीचे, आणि नवेगाव बांधकडूनही बाया माप द्यायला येतात. पाठीवर नाव घालणं तिनं बंद केलं. गिरजाबाई म्हणाल्या होत्या, पाठीवर लिहिलेलं आमाले दिसत नाही, मंग लिहाचं कायले. सासऱ्यांनी शब्द पाळला. नरेशनंही मोबाईलचं दुकान टाकलं. चांगलं चालतं. ते सपरीत आहे. मध्येच पाहुणा आला की पाणी तोच देतो.

मी अजून तासिका तत्त्वावर आहे. वर्ष बदललं, तास वाढले, तत्त्व तेच. दर वर्षी धान पिवळा पडला की पाय वळवळतात, आणि दर वर्षी मला वाटतं की या वेळी काहीतरी ठरवायला हवं, कागदावर लिहायला हवं, खरं, स्वतःपुरतं. बाईनं एका ओळीत लिहिलं होतं तसं. मी दोन-तीनदा बसलोही. पहिलं वाक्य येतं ते माईकवरचं असतं. मग मी मोटारसायकल काढतो. कोहमाऱ्याच्या रस्त्यावर आता बुजगावण्यांना जुन्या साड्या आणि फाटके बनियन असतात, आणि पाखरं पुन्हा घाबरतात. उन्हात वाकलेल्या बाया कापत असतात, आकाशी, गुलाबी, पोपटी शर्टांत, आणि एकीचीही बाही दुमडलेली नसते. मी थोडा वेळ थांबतो. घरी विचारलं तर सांगतो, पाहून आलो.

ते पिवळे कागद कोणालाच टपालानं आले नाहीत. वक्ते गठ्ठा मंगल कार्यालयातच विसरून गेले होते. तिथल्या रखवालदाराला बाई नेहमी जुन्या लग्नपत्रिका मागायची, कटिंगचे नमुने कापायला जाड कागद लागतो म्हणून. त्यानं तो गठ्ठा तिला आणून दिला. कागद चांगले निघाले, अजून फाटलेले नाहीत. तिचा स्वतःचा कोणता ते तिला आठवत नाही, कापताना बघितला नाही म्हणते. माझा दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. 'समाजाला योग्य' एवढं वाचता येतं, पुढचं कात्रीत गेलं. त्यावरून कॉलर कापतात. साडेचौदा इंची.